‘बोलेल आपोआप’ म्हणून थांबू नका

‘‘डॉक्टर, बाकी सगळं व्यवस्थित आहे, फक्त बोलत नाही.’’ हे वाक्य माझ्या दवाखान्यात महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येते. बहुतेक वेळा मूल आणलेले असते सर्दी-खोकल्यासाठी. औषध लिहून झाले, चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता आई हळूच हा विषय काढते. सोबत आजी असेल तर माझ्याआधी तीच उत्तर देते, ‘‘काही नाही हो, याचा बाप चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. आता गप्प बस म्हटलं तरी बसत नाही.’’ सगळे हसतात. आई मात्र हसत नाही.

आजींचे म्हणणे खोटे नसते. दोन वर्षांच्या मुलांमध्ये दहामागे एखादे मूल बोलण्यात मागे असतेच आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुले शाळेत जाईपर्यंत बरोबरीच्या मुलांना गाठतात. अडचण एवढीच आहे, की यातले कोणते मूल गाठेल आणि कोणते मागे राहील, हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. मलाही नाही आणि आजींनाही नाही. चार वर्षांनी बोलू लागलेल्या बापाचे उदाहरण सगळे देतात. जो कधीच नीट बोलू शकला नाही, त्या चुलत काकांचे उदाहरण घरात कोणी काढत नाही.

म्हणून आजच्या लेखात सांगायचे आहे ते असे, की वाट पाहायची असेल तर ती तपासणी करून मग पाहावी, तपासणीऐवजी नव्हे. आणि उपचार सुरू झालेच, तर ते दवाखान्यात कमी आणि तुमच्या स्वयंपाकघरात जास्त होणार आहेत, हेही आधीच लक्षात घ्यावे.

किती वयाला काय यावे?

पालक विचार करतात तो फक्त शब्दांचा. प्रत्यक्षात तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. मुलाला आपले बोलणे समजते का, त्याला स्वतःचे म्हणणे सांगता येते का आणि त्याचे उच्चार स्पष्ट आहेत का? ज्याला सगळे समजते पण बोलता येत नाही, त्याची काळजी वेगळी. ज्याला समजतच नाही, त्याची काळजी अधिक.

सात-आठ महिन्यांचे बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे निरर्थक आवाज काढू लागते. वर्षाच्या सुमारास ते नावाने हाक मारल्यावर वळते, टाटा करते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते आणि एखादा अर्थाचा शब्द बोलते. हा शब्द शुद्ध असण्याची गरज नाही. आपल्या मराठी घरांत बाळांसाठी वेगळा शब्दकोशच तयार आहे : मम्मम, भूभू, माऊ, हम्मा, भुर्र, बाऊ. हे सगळे शब्दच समजावेत, मोजताना ते धरावेत. दोन वर्षांच्या मुलाकडे असे पन्नासएक शब्द असावेत आणि ‘बाबा भुर्र’, ‘अजून दूध’ अशी दोन-दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी. तिसऱ्या वर्षी लहान लहान वाक्ये येतात आणि परक्या माणसालाही त्याचे बरेचसे बोलणे कळते.

चार महिने इकडे, चार महिने तिकडे होतेच. शेजारच्या मुलीशी रोज तुलना करून आईचे डोके फिरवू नये. पण वर्ष झाले तरी आवाजांची बडबड नाही, बोट दाखवणे नाही. सव्वा ते दीड वर्ष झाले तरी एकही शब्द नाही. दोन वर्षे पूर्ण झाली तरी दोन शब्दांची जोडणी नाही, तर तपासणी करावी. आणि एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी एक आठवडाही थांबू नये. मूल आधी बोलत होते आणि आता असलेले शब्द गेले, किंवा नजरेला नजर देणे, हाकेला ओ देणे बंद झाले, तर वय कितीही असो, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

बोबडे बोलणे हा यातला सर्वांत सौम्य प्रकार. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘राम’ला ‘लाम’ म्हणणारे तीन वर्षांचे मूल आजारी नसते. ‘र’, ‘ळ’, ‘ण’ हे उच्चार जिभेला अवघड आहेत, ते उशिरा बसतात. पाचव्या वर्षानंतरही घराबाहेरच्यांना बोलणे कळत नसेल तर मात्र उच्चारांसाठी मदत घ्यावी. आपल्याकडे पाहुणे आले की मुलाला पुढे करून त्याच्याकडून बोबडे शब्द वदवून घेण्याची हौस असते. पाहुणे हसतात. मुलाला ते हसणे कळते, एवढेच सांगतो.

आधी कान, मग जीभ

बोलण्याचा विचार कानापासून सुरू करावा. जे ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसे? हे सर्वांना पटते, पण ‘आमच्या बाळाला ऐकू येतं’ याविषयी मात्र प्रत्येक घर ठाम असते. सातपूरच्या एका कामगाराची अडीच वर्षांची मुलगी माझ्याकडे येत असे. वडिलांची मोटारसायकल गल्लीत शिरली की ती दाराकडे धावे. टाळी वाजवली की मागे वळे. ताट पडले की दचके. मग ऐकू येत नाही असे कोण म्हणेल?

पण मोटारसायकलचा आवाज जाड, भरदार असतो. ताट पडले की फरशी थरथरते. टाळी वाजवणाऱ्याची सावली पडते, आणि समोर बसलेली आजी त्याच्याकडे पाहते, म्हणून मूलही पाहते. लहान मुले याबाबतीत फार हुशार असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज मात्र या मुलीपर्यंत पोहोचतच नव्हते. तिच्यासाठी माणसांचे बोलणे म्हणजे भिंतीपलीकडे चाललेले संभाषण होते. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. कानाच्या तपासणीत दोन्ही बाजूंची श्रवणशक्ती कमी असल्याचे निघाले. श्रवणयंत्रे बसवली, त्यानंतर वाचोपचार सुरू झाले. आज ती साध्या मराठी शाळेत दुसरीत आहे आणि वर्गात बडबडीबद्दल शिक्षा खाते, असे तिची आई अभिमानाने सांगते.

या तपासण्यांना मुलाने उत्तर देण्याची गरज नसते. ‘ओएई’ या तपासणीत कानात छोटी नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपतात. काही मिनिटांचे काम आहे, नवजात बाळाचीही होते. ‘बेरा’ या तपासणीत डोक्याला छोटी इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही, हे यंत्रावर पाहतात. दोन्हींत सुई नाही, वेदना नाही. जगभरात मानला जाणारा नियम असा, की जन्मानंतर एका महिन्यात कानांची चाळणी तपासणी व्हावी, शंका आल्यास तीन महिन्यांपर्यंत निदान व्हावे आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत. जे बाळ मुदतीआधी जन्मले, काचेच्या पेटीत राहिले, ज्याची कावीळ फार वाढली, ज्याला मेंदूज्वर होऊन गेला, त्याच्या बाबतीत ही तपासणी कधीही टाळू नये. ज्या घरांत मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्ने होतात आणि नात्यात कोणी कर्णबधिर आहे, तेथेही हेच.

दुसरे, अगदी साधे कारण म्हणजे सर्दी. वारंवार सर्दी होणारे, तोंड उघडे टाकून झोपणारे मूल असते, त्याच्या पडद्यामागे पाण्यासारखा द्रव साठून राहतो. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ऐकू कमी येते आणि ‘हा लक्षच देत नाही’ असा शिक्का बसतो. यावर चांगले उपचार आहेत.

ज्यांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही, अशा मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट ही शस्त्रक्रिया असते. ती महागडी आहे, परंतु केंद्र सरकारच्या अडिप योजनेतून गरजू कुटुंबांतील मुलांना त्यासाठी मदत मिळते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी त्यात पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, म्हणजे येथेही ‘बघू’ म्हणणारा हरतो. या योजनेचे काम मुंबईतील वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत चालते. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ साली निधन पावलेले अली यावर जंग यांच्या नावाने ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. आपल्याकडील अनेक पालक पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून, तेथे तपासणी करून रात्री घरी येतात. शस्त्रक्रिया झाली की मूल बोलू लागते, हा मात्र गैरसमज आहे. शस्त्रक्रियेने आवाज मिळतो. त्या आवाजाचा अर्थ शिकवणे हे पुढच्या दोन-तीन वर्षांचे काम असते.

वेखंड, घंटेचे पाणी आणि मोबाईल

मूल बोलत नाही म्हटल्यावर घरोघरी काय काय होते, याची यादी मोठी आहे. मधात वेखंड उगाळून जिभेला लावणे, देवळातल्या घंटेवर पाणी ओतून ते पाजणे, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालणे. घंटेच्या पाण्याने काही बिघडत नाही, पाणी स्वच्छ असले म्हणजे झाले. पेरूचेही तेच. वेखंडाचे मात्र तसे नाही. प्रमाण चुकले तर लहान बाळाला जोराच्या उलट्या होतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. श्रद्धेबद्दल माझे काही म्हणणे नाही. नवस जरूर करावा, आणि त्याच आठवड्यात कानही तपासून घ्यावेत.

‘जिभेखालची शीर कापा, म्हणजे बोलेल’ असे सांगणारेही भेटतात. जीभ खाली चिकटलेली असेल तर बाळाला दूध ओढायला त्रास होऊ शकतो, क्वचित काही उच्चारांत अडचण येते. पण त्यामुळे मूल बोलायचेच थांबते, असे होत नाही. शब्द जिभेवर येण्याआधी डोक्यात तयार व्हावा लागतो.

मोबाईलविषयी सगळेच विचारतात. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच या वयात दिवसातून एक तासाहून जास्त दाखवू नये, असे सांगितले आहे. कारण सरळ आहे. मोबाईलमधील गाणे मुलाकडे पाहत नाही, थांबत नाही, त्याने ‘ऊं’ केले तर ‘काय रे?’ असे विचारत नाही. पण जी मुले बोलत नाहीत ती सगळी मोबाईलमुळे बोलत नाहीत, असे म्हणणेही चूक आहे. कान अधू असलेले मूल मोबाईल बंद केल्याने बोलणार नाही. हल्ली सासू, शेजारीण आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा सगळा दोष आईच्या मोबाईलवर टाकून मोकळे होतात आणि तपासणी राहून जाते. आईला दोष देऊन आजवर एकही मूल बोलू लागलेले मी पाहिलेले नाही.

‘बाई तर नुसत्या खेळल्या!’

कान चांगले आहेत असे ठरले, म्हणजे मूल वाचोपचारतज्ज्ञांकडे, आपल्या रोजच्या भाषेत स्पीच थेरपिस्टकडे जाते. तेथून परतल्यावर पालकांचा चेहरा बहुधा पडलेला असतो. अंबडमधील एका कंपनीत काम करणारे एक गृहस्थ मला म्हणाले, ‘‘डॉक्टर, एवढी फी घेतली आणि बाई पाऊण तास नुसत्या खेळल्या. औषध नाही, व्यायाम नाही.’’ त्यांचा मुलगा सव्वादोन वर्षांचा होता. कान उत्तम, समज उत्तम. ‘पप्पांची चप्पल आण’ म्हटले की आणत असे. शब्द मात्र सहाच.

त्या बाई काय खेळल्या, ते मी त्यांच्याकडून तपशिलाने ऐकून घेतले. बाईंनी साबणाचे फुगे उडवले. मुलगा खूष झाला. मग बाईंनी बाटलीचे झाकण घट्ट लावून बाटली मुलाच्या हातात दिली आणि काही न बोलता त्याच्याकडे पाहत बसल्या. मुलाने बाटली हलवली, झाकण ओढले, आईकडे पाहिले. आई ‘उघडून देते’ म्हणून पुढे झाली, बाईंनी तिला खुणेने थांबवले. शेवटी मुलाने बाटली बाईंपुढे धरून ‘अं’ केले. त्या लगेच म्हणाल्या, ‘‘उघड! उघड!’’ आणि झाकण उघडून फुगे उडवले. असे दहा-बारा वेळा झाले. अखेरच्या वेळी मुलगा ‘उद’ म्हणाला. बाईंना तेवढे पुरेसे होते.

हा खेळ दिसायला पोरखेळ असला, तरी त्यात शास्त्र आहे. मुलाला सांगण्याची गरज वाटावी अशी वेळ आणायची, मग थांबायचे, त्याने केलेला लहानसा प्रयत्नही उत्तर म्हणून स्वीकारायचा आणि त्याला हवा असलेला शब्द नेमक्या त्याच क्षणी त्याच्या कानावर घालायचा. आपल्या घरांत याच्या नेमके उलटे घडते. विशेषतः एकत्र कुटुंबात मुलाने पाण्याच्या माठाकडे नुसते पाहिले तरी आत्या पेला भरून हजर! प्रेमच ते. पण या मुलाला बोलायची गरज कधी पडणार?

आता थोडे गणित करू. आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास म्हणजे दीड तास. मूल रोज बारा तास जागे असते, म्हणजे आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास. दीड तासात बाई मुलाला बोलायला शिकवतील आणि उरलेले साडेब्याऐंशी तास आपण पूर्वीसारखेच वागू, असे होत नाही. बाईंच्या खोलीत खरे शिक्षण चाललेले असते ते पालकांचे. कॅनडातील हॅनेन सेंटर ही संस्था १९७५ सालापासून हेच काम करीत आहे. तिच्या पद्धतीत मुलाबरोबर पालकांनाही शिकवले जाते आणि त्याचे सार पाहा, थांबा, ऐका या तीन शब्दांत सांगितले जाते. आपल्याला सर्वांत अवघड जाते ते थांबणे. प्रश्न विचारून मनात एक ते दहा अंक मोजून पाहा. तिसऱ्या-चौथ्या अंकालाच आपल्या तोंडून उत्तर निघून जाते.

त्या अंबडच्या कुटुंबाला बाईंनी तीन वेळा वाटून दिल्या. अंघोळीची वेळ आईची, जेवणाची आजीची आणि संध्याकाळी कंपनीतून आल्यावर अर्धा तास वडिलांचा. नियम साधे होते. ‘म्हण, म्हण’ असा आग्रह करायचा नाही. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घ्यायची नाही. मूल ज्या वस्तूकडे पाहत असेल तिच्याविषयी आपण बोलायचे. वाक्ये लहान ठेवायची आणि मूल जेवढे बोलते त्याहून एकच शब्द पुढे जायचे. तो ‘गाडी’ म्हणाला तर ‘मोठी गाडी’ किंवा ‘गाडी गेली’. तो ‘ताता’ म्हणाला तर ‘ताता नाही, काका म्हण’ असे सुधारायचे नाही. ‘हो, काका आले’ म्हणायचे. त्याला बरोबर उच्चार ऐकू जातो आणि टोकल्यासारखेही होत नाही. काही देताना दोन वस्तू दाखवून विचारायचे, ‘दूध की पाणी?’ त्याने बोट दाखवले तरी द्यायचे आणि देताना नाव घ्यायचे. बोलल्याशिवाय देणारच नाही, असा हट्ट मात्र धरायचा नाही. भुकेलेले, रडणारे मूल काही शिकत नाही.

या सगळ्यात आजी सर्वांत पुढे निघाल्या. कारण त्यांच्यासाठी हे नवीन नव्हतेच. चिऊचा घास, काऊचा घास भरवताना प्रत्येक घासाला थांबणे, मुलाच्या तोंडाकडे पाहणे, तोच शब्द पंचवीस वेळा त्याच सुरात म्हणणे. पदरामागे लपून ‘बुवा’ आणि बाहेर येऊन ‘कुक्’ करणे, हे आपल्या आज्या पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. फरक एवढाच केला, की ‘हा घास चिऊचा, हा घास...’ असे म्हणून आजी थांबू लागल्या. पंधरा दिवसांनी ती रिकामी जागा मुलाने भरली. ‘काऊ’ हा त्याचा सातवा शब्द. पुढे सहा महिन्यांत तो तीन-तीन शब्दांची वाक्ये बोलू लागला.

प्रत्येक मुलाचे इतके चांगले होते, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूला जन्मतः झालेली इजा, दुभंगलेला टाळू या प्रत्येकात गती वेगळी, मुक्काम वेगळा. काही मुलांना बोलण्याआधी चित्रे दाखवून किंवा हाताच्या खुणांनी आपले म्हणणे सांगायला शिकवतात. पालकांना भीती वाटते, की खुणांची सवय लागली तर मूल कायमचे मुके राहील. तसे होत नाही. सांगता येऊ लागले की मुलाचा चिडचिडेपणा कमी होतो, चावणे, डोके आपटणे कमी होते आणि पुष्कळदा शब्दही येऊ लागतात. ज्याला पोट दुखते हे सांगता येत नाही, त्याने किंचाळायचे नाही तर काय करायचे?

घरची भाषा सोडू नका

हल्ली एक नवीन प्रकार पाहतो. मूल बोलत नाही म्हटल्यावर कोणीतरी सल्ला देतो, ‘घरात एकच भाषा ठेवा’, आणि ती एक भाषा म्हणजे इंग्रजी, कारण पुढे शाळा इंग्रजी आहे. मग जिचे इंग्रजी जेमतेम आहे ती आई मुलाशी ‘कम, सिट, ईट, गो’ एवढेच बोलते. मुलाला आधीच शब्द कमी मिळत होते, ते आणखी कमी झाले.

दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते, याला आधार नाही. जगातील कितीतरी मुले दोन-तीन भाषांत वाढतात. शब्द मोजताना मात्र दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. आपल्या जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे आजी अहिराणी बोलते, सुरगाणा-पेठकडे घरात कोकणी म्हणजे डांगी वळणाची बोली असते, शेजार हिंदी आणि अंगणवाडी मराठी. यातले काहीही लपवण्यासारखे नाही. ज्या भाषेत आईला रागावता येते, लाड करता येतात, गोष्ट सांगता येते, त्याच भाषेत तिने मुलाशी बोलावे. उपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत घरची बोली कोणती ते सांगावे. मूल पाण्याला काय म्हणते, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

कोठे जावे?

पहिली पायरी घराजवळच आहे. गरोदरपणात मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत लसीकरणाच्या तारखांपुरतेच उघडले जाते. त्यात बाळाने कोणत्या महिन्यात काय करावे, याची चित्रे दिलेली आहेत. ती एकदा पाहावीत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करायला डॉक्टरांचे पथक येते. ही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके होत. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातून, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरहून सुरू झाला. ऐकणे आणि बोलणे या दोन्हींतील अडचणी त्याच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, शंका स्वतःहून सांगावी. पथकाने चिठ्ठी दिली की पुढील तपासणी जिल्हा पातळीवरील केंद्रात विनामूल्य होते. त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

खासगी तज्ज्ञांकडे जायचे असेल तर एक गोष्ट विचारायला संकोच करू नये. वाचोपचार करणाऱ्या व्यक्तीकडे त्या विषयाची पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते; १९९२ सालचा कायदाच तसा आहे. चार दिवसांचे शिबिर करून पाटी लावणारे आणि ‘तीन महिन्यांत बोलते करून देतो’ अशी हमी देणारे आता नाशिकमध्येही दिसू लागले आहेत. हमी दिली की समजावे. तसेच, जे तज्ज्ञ पालकांना खोलीबाहेर बसवून दार लावून घेतात आणि घरी काय करायचे ते सांगत नाहीत, त्यांच्याविषयी मी तरी साशंक असतो.

कर्णबधिर मुलांसाठी नाशिकमध्ये माई लेले श्रवण विकास विद्यालयासारखी शाळा आहे. बौद्धिक वाढ कमी असलेल्या मुलांसाठी रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्या स्वतः अशा मुलाच्या आई होत्या आणि त्या काळी अशा मुलांना घरातच लपवून ठेवण्याची रीत होती. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता यांचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात थेरपीचा खर्चही येतो. हे पुष्कळ पालकांना माहीत नसते.

राहता राहिला खेड्यापाड्यांतील पालकांचा प्रश्न. सुरगाण्याच्या पुढच्या पाड्यावरून एस.टी.ने नाशिकला यायचे म्हणजे दिवस मोडतो, रोजगार बुडतो. आठवड्यातून दोनदा या, असे सांगणे सोपे आहे. अशा पालकांनी तज्ज्ञांना स्पष्ट सांगावे, की आम्ही महिन्यातून एकदाच येऊ शकतो, महिनाभर घरी काय करायचे ते शिकवा. समोर करून दाखवायला सांगावे, नंतर त्यांच्यासमोर आपण करून पाहावे. मधल्या काळात फोनवर व्हिडिओ पाठवूनही पुष्कळ काम होते. मोबाईलचा हा उपयोग मला मान्य आहे.

पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी आठ दिवस एक साधी वही करावी. मूल जो जो शब्द स्वतःहून बोलेल तो जसाच्या तसा, बोबडा असेल तर बोबडाच, तारखेसह लिहावा आणि त्याचा अर्थ पुढे लिहावा. खुणा आणि हावभावही लिहावेत. घरातील एकट्या आईने नव्हे, सगळ्यांनी लिहावे. आजोबांना ठाऊक असलेला शब्द आईला ठाऊक नसतो, असे नेहमी होते. जन्माच्या वेळची कागदपत्रे, आधीच्या तपासण्यांचे अहवाल आणि मुलाचे आवडते खेळणे बरोबर न्यावे. आणि ‘बेरा’ तपासणीची वेळ घेतली असेल, तर त्या दिवशी सकाळी मुलाला लवकर उठवावे व वाटेत गाडीत झोपू देऊ नये. ही तपासणी मूल झोपलेले असतानाच नीट होते, आणि वाटेत झोप झालेले मूल तेथे गेल्यावर टक्क जागे राहते. मग दुसरी तारीख मिळते.